मृणालिनीबाईंची खरेदी

“तुम्ही इथेच थांबा,” मृणालिनीबाई म्हणाल्या. “आणि मध्ये पडायचं नाही.”

उत्तमराव दुकानाच्या पायरीखाली थांबले. सिल्व्हर पार्कातलं ईश्वरभाईंचं किराणा दुकान, सकाळचे अकरा वाजलेले, काउंटरपाशी दोन-तीन गिऱ्हाइकं. पांढरी काठी पुढे टेकवत बायको पायरी चढली. सवयीने पुढे झालेला हात उत्तमरावांनी मागे घेतला आणि खिशात घातला.

काचबिंदूने बाईंची नजर जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून पैसे द्यायचे ते उत्तमरावांनी. ते सोबत नसले, तर बाई फोन दुकानदाराच्या हातात द्यायच्या आणि पिन सांगायच्या. हळू आवाजात, पण सांगायच्याच. कुणाला किती गेले, ते घरी आल्यावर उत्तमराव फोनवर वाचून सांगायचे. महिन्यापूर्वी फळांच्या गाडीवर मागे उभ्या असलेल्या कुणीतरी तो ऐकला आणि हसून म्हणालं, “सोपा आहे हो, माझ्याही लक्षात राहिला!” घरी आल्यावर बाई म्हणाल्या, “फोनला बोलता येतं म्हणतात ना? मग बोलू दे माझ्याशी.”

त्यानंतर तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर शाळा भरली. पैसे द्यायची तीन ॲप्स, एक फोन, आणि दुकानातलं कार्डाचं मशीन म्हणून हातात कॅल्क्युलेटर धरून बसलेले उत्तमराव.

आज मशीन खरं होतं.

ईश्वरभाईंनी सामान पिशवीत भरलं आणि नेहमीसारखा हात पुढे केला. “लाइए काकी, फोन दीजिए. मैं कर देता हूँ.”

“नको, ईश्वरभाई. मशीन माझ्यासमोर ठेवा फक्त. आणि आकडा टाकलात की मोठ्याने सांगा.”

“चार सौ अठारह, काकी.”

बाईंनी अंगठा लावून फोन उघडला. डाव्या हाताने मशीनची कड चाचपली आणि फोनची पाठ मशीनला टेकवली. काहीच झालं नाही. पुन्हा टेकवली. पुन्हा काही नाही.

“आंटी, थोडा जल्दी,” दुधाच्या पिशव्या घेऊन उभा असलेला माणूस म्हणाला.

उत्तमरावांचा एक पाय पायरीवर गेला. त्यांना खालून स्वच्छ दिसत होतं, फोन बोटभर खाली लागतोय. ‘वर’ एवढा एक शब्द म्हटला असता तर काम झालं असतं. तो शब्द त्यांनी गिळला.

बाई गडबडल्या नाहीत. “एक मिनिट हं,” त्या मागे वळून म्हणाल्या, आणि मशीनवर टेकलेला फोन इंच इंच वर सरकवत नेला. एका जागी फोन थरथरला. मशीनने शिटी दिली. फोन खणखणीत आवाजात बोलला, “चारशे अठरा रुपये दिले.”

बाईंनी श्वास सोडला. उत्तमरावांनीही.

“काकू, कुठलं ॲप हो हे?” दूधवाल्या माणसामागून एका तरुण बाईने विचारलं. “माझ्या सासऱ्यांनाही नीट दिसत नाही. सारखे आमच्यावर अवलंबून.”

मृणालिनीबाईंनी तीस वर्षं सहावी-सातवीचे पेपर तपासले होते. काठी बगलेत धरून त्या निकाल सांगायला लागल्या.

“मी तीन तपासली. पहिल्याला दहापैकी दोन. कोडवर कॅमेरा धरा म्हणतं. अरे, तो कोड कुठे टांगलाय ते दिसलं असतं तर रडायचं काय होतं! दुसऱ्याला पाच. ते बोलतं, पण प्रत्येक बटणाला नुसतंच ‘बटण’ म्हणतं. कसलं बटण, ते आपण ओळखायचं. हे तिसरं. अंगठा लावा, टेकवा, किती गेले ते लगेच सांगतं. याला आठ.”

“आठच?”

“टेकवायचं मशीन सगळीकडे कुठे असतं? फळवाल्याकडे नाही, कोळणीकडे नाही. दोन मार्क तिथे गेले. सासऱ्यांना माझ्याकडे पाठव, बी विंगला. तिसरा मजला.”

दूधवाला माणूस हसला आणि बाजूला झाला. “आप आराम से करो, आंटी.”

उत्तमरावांना वाटलं, फुटपाथवरून जाणाऱ्या एखाद्याला थांबवून सांगावं, ती बघा, ती आमची मंडळी.

इतक्यात बाई काउंटरवर वाकल्या आणि ईश्वरभाईंना हळूच काहीतरी म्हणाल्या. ईश्वरभाईंनी एकदा खाली उत्तमरावांकडे पाहिलं, मिशीत हसले आणि मागच्या कपाटातून काहीतरी काढून कागदात गुंडाळलं. मशीन पुन्हा पुढे आलं. या वेळी फोन पहिल्याच फटक्यात थरथरला. बाईंनी आवाज बारीक केला होता. फोन कानाशी नेऊन त्यांनी रक्कम ऐकली आणि मान हलवली.

पायरी उतरून त्या खाली आल्या. उत्तमरावांनी पिशवी घेतली.

“अगं, ते शेवटचं काय घेतलंस?”

“घेतलं काहीतरी.”

“किती झाले त्याचे?”

“ते फोनने मला सांगितलं,” बाई म्हणाल्या.

बाईंच्या चेहऱ्यावर हसू होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी, स्वतःच्या पगारातून उत्तमरावांसाठी शर्ट आणला त्या दिवशी, ती अशी हसली होती. आणि उत्तमरावांना एकदम उमगलं, की गेल्या चार वर्षांत या बाईने त्यांना न कळता साधी टाचणीदेखील विकत घेतली नव्हती. तिला घेताच आली नव्हती.

दोघं घराकडे निघाले. पिशवीचं तोंड उघडं होतं. कागदाची पुडी अगदी वर होती आणि एका बाजूने सुटायला आली होती. उत्तमरावांनी मान वर केली, आणि बी विंगचं फाटक येईपर्यंत समोर रस्त्याकडेच बघत चालले.