शहाण्यासारखं

"पोलीस हात करतोय. गाडी बाजूला घे, काच खाली कर, हात स्टिअरिंगवर ठेव आणि शहाण्यासारखं बोल. एक शब्द वाकडा गेला तर बघ," मागच्या सीटवरचा माणूस म्हणाला आणि सीटच्या फटीतून त्याने चाकूचं टोक टॅक्सीवाल्याच्या बरगडीला आणखी टोचलं.

टॅक्सीवाल्याने गाडी बाजूला घेऊन काच खाली केली. या चौकातल्या हवालदाराशी त्याचं बारा वर्षांचं भांडण. दोघांची जुंपली की अख्खा चौक बघत उभा राहायचा. हवालदाराने त्याचं नावच 'वकील' ठेवलं होतं.

"काय वकील, पट्टा कुठाय?"

"चुकलं साहेब."

"लायसन्स?"

"हे घ्या साहेब."

हवालदार क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग लायसन्स परत देत म्हणाला, "जा."

गाडी हलली. आरशात हवालदार लहान लहान होत गेला.



पुढच्या चौकात चार पोलिसांनी मागचं दार उघडून त्या माणसाला बाहेर खेचलं, तरी त्यांच्या वॉकीटॉकीवर हवालदार ओरडतच होता, "अरे, लवकर बघा! आमचा वकील मला साहेब म्हणालाय!"