सोफा कचेरीकडे निघाला

"जनतेच्या पैशाची टाचणीसुद्धा आजपासून कुणाच्या घरात राहणार नाही!" कलेक्टर कचेरीच्या आवारात पालकमंत्री दादासाहेब घोरमोडे यांनी गर्जना करून बटण दाबलं. सरकारी खर्चातून घेतलेल्या प्रत्येक वस्तूतली चिप जागी झाली आणि वस्तू आपल्या पायांनी कचेरीकडे निघाल्या.

पहिल्या रांगेतल्या मुरकुटे कारकुनांच्या खिशातून एक पेन टुणकन बाहेर पडलं. दादासाहेबांनी त्यांना जागच्या जागी निलंबित केलं. टाळ्या कडाडल्या.

तेवढ्यात फाटकाशी एकच ओरडा झाला. "आला, आला! मंत्र्यांचा सोफा आला!"

सोफा डुलत डुलत आत शिरला. त्याच्या मागून मसाजची खुर्ची थरथरत आली. माणसं भिंतीवर चढून शिट्ट्या मारू लागली.

"साहेब, माझं तर पेनच होतं," मुरकुटे हात जोडून म्हणाले. "आता तुम्हालाही निलंबित करायचं का?"

"त्या खुर्चीत बसून मी फायली बघतो!" दादासाहेब कडाडले.

"आणि त्या फ्रिजमध्ये?"

फ्रिज ऐटीत येत होता आणि त्याचं दार धरून वहिनीसाहेब फरफटत होत्या.

"अहो, याला दोन मिनिटं थांबायला सांगा ना! श्रीखंडाचं पातेलं तेवढं काढून घेते."