कलावंतांना सूट

"दाराखिडक्यांच्या रंगात शिसं नको म्हणून तुम्ही कायदा केलात आणि चित्रकारांच्या रंगाला तेवढी सूट दिलीत. का? चित्रकाराचं रक्त काय वेगळं असतं?"

चित्रकाराच्या बायकोनं हे सरकारी खिडकीच्या काचेला तोंड लावून विचारलं. आतल्या कारकुनानं पेन खाली ठेवलं.

"बाई, हे तुम्ही परवाही विचारलंत. साहेब म्हणाले ना, जुनी कला आहे, तिला हात लावता येत नाही."

"परवा दुसरी कुणी आली असेल. माझ्यासारख्या काय कमी असतील?"

"असतील," कारकून म्हणाला आणि त्यानं पेन उचललं.

या लोकांना माणसामाणसांतला फरक कधी कळला होता, असं पुटपुटत ती घरी आली.

नवरा चित्रासमोर बसला होता. जन्मभर त्यानं माणसांचे चेहरे रंगवले. गालावरचा उजेड शिशाच्या सफेद्यातच उतरतो, हा त्याचा हेका. ब्रश ओठांत धरून टोक काढायची सवयही जुनीच. त्या सवयीनं शिसं पोटात गेलं. पोट पिळवटायचं, मनगट लुळं पडलं. डॉक्टरांनी दम भरला, ब्रश तोंडात दिसला तर हात कायमचा जाईल.

रंगवणं सोडा म्हणणं म्हणजे त्याला जिवंत पुरणं. ते तिच्यानं होणार नव्हतं. तिनं पदर खोचला. सफेद्याची पूड तेलात तीच घोटू लागली. स्वयंपाकघरात ब्रश धुऊन, टोक काढून, तीच त्याच्या हातात देऊ लागली. त्यानं फक्त हातमोजे घालून रंगवायचं.

मनगट सुधारलं. डोकं मात्र गेलं, असं तिचं मत होतं.

"आज परत गॅस चालू ठेवलात," ती म्हणाली.

"राहिला खरा."

"आणि दूध दोनदा आणलंत."

"आणलं असेल."

"पूर्वी शब्दाला शब्द वाढवायचात. आता नुसते नंदीबैल झालात."

"नंदीबैलाचा संसार सुखाचा असतो," तो हसला. मग तिच्याकडे बघत राहिला. तिच्या हातून कप निसटला आणि फुटला. हल्ली कपांचे कानही धड नसतात, असं म्हणून तिनं काचा गोळा केल्या.

डॉक्टरांनी या खेपेला दोघांचं रक्त मागवलं होतं. घरात एकाला झालं की सगळ्यांचं बघतात, असं नवऱ्यानंच सांगितलं. त्याला धीर यावा म्हणून तिनं आधी आपला हात पुढे केला.

रिपोर्ट आले तेव्हा दोघं डॉक्टरांसमोर बसली होती.

"यांचं शिसं बरंच उतरलंय," डॉक्टर म्हणाले.

तिनं सुस्कारा सोडला. "मग यांच्या डोक्याचं काय? काही म्हणजे काही लक्षात राहत नाही हो. त्यावर एखादं औषध द्या."

डॉक्टरांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा जमिनीकडे बघत होता.

"बाई, ब्रशाला टोक तुम्ही काढून देता ना? कसं काढता?"

"जसं हे काढायचे तसं. ओठांनी." या माणसाला एवढंही कळू नये, याचं तिला नवल वाटलं. "यांनी तोंडात घालायचा नाही, असं तुम्हीच म्हणालात की."

नवऱ्यानं डोळे मिटले.

डॉक्टरांनी दुसरा रिपोर्ट तिच्यापुढे सरकवला. "हा तुमचा. यांच्या रक्तातही इतकं शिसं कधी नव्हतं. मी औषध देतो. पण डोक्यातून जे गेलं, ते परत येईल असं मी म्हणणार नाही."

तिनं रिपोर्ट पाहिला. वरचं नाव पुन्हा पुन्हा वाचलं. मग नवऱ्याकडे वळली.

"अहो, मान खाली काय घालून बसलात? सांगा ना यांना, आपल्या घरात विसरतं कोण?"