मनीची शेपूट

"तिला सांग, पासवर्ड चुकीचा आहे," धाकटी कॉम्प्युटरसमोरून म्हणाली.

"तिला सांग, पासवर्ड बरोबर आहे. तिचे कान चुकीचे आहेत," फोनमधून ताई म्हणाली.

मध्ये फोन धरून आई. ताई हॉस्टेलला गेली त्या सकाळपासून दोघी बहिणींचा अबोला होता. "मी काय टपालखातं आहे का गं?" आई वैतागली.

कॉम्प्युटर हॉलमध्ये होता. एका बाजूला धाकटीची गुंडाळलेली गादी, दुसऱ्या बाजूला ताईच्या खोलीचं बंद दार. ताईने याच कॉम्प्युटरवर बनवलेली मनी मांजरीची कार्टून-फिल्म चारच्या आत कॉलेजच्या सर्व्हरवर चढली नाही, तर तिचं वर्ष बोंबलणार होतं. पासवर्ड होता मनी, मग हॅशचं चिन्ह, मग शेपूट. सगळं इंग्रजी अक्षरांत. धाकटीने तो सेटिंगच्या फाइलीत पुन्हा पुन्हा टाइप केला. सॉफ्टवेअर आपलं नाही म्हणजे नाही.

मग तिचं लक्ष सॉफ्टवेअर पासवर्डच्या जागी पडद्यावर दाखवत होतं त्या ठिपक्यांकडे गेलं. एका अक्षराला एक ठिपका. एवढा लांबलचक पासवर्ड आणि ठिपके चारच? 'मनी'ची इंग्रजी अक्षरंही चारच! तिने हॅश पार शेवटी सरकवला. ठिपके वाढले. परत मध्ये आणला. घटले.

अय्या! हॅश दिसला की हे बेटं ऐकणंच बंद करतंय! पुढचं सगळं त्याला फालतू बडबड वाटतेय!

"आई, यानं मनीची शेपूटच छाटली!"

तिने पासवर्डच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं टाकली. म्हणजे काय, तर बाबा रे, आतलं सगळं जसंच्या तसं घे. ठिपके पार शेवटपर्यंत उमटले. फिल्म सरसर चढली. फोनमध्ये ताई आनंदाने किंचाळली.

"आता तुमचं तुम्ही बोला," आईने फोन टेबलावर ठेवला.

धाकटी त्या अवतरणचिन्हांकडे बघत बसली. मग फोनजवळ सरकली. "ताई... जाताना तू म्हणालीस, 'माझ्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.' मी रागाने घराबाहेरच पळाले. त्याच्या पुढे काही होतं का गं?"

"म्हणजे तू ऐकलंच नाहीस? आणि मी समजतेय, तुला नकोच आहे!"

"काय नकोय? जसंच्या तसं सांग ना."

"'माझ्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आजपासून तुझ्या खोलीत टाकायचं!'"