पोट, दुखतंय

वैरागची उत्कर्षा बारा वर्षांची झाली, पण जन्मापासून तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. सोलापूरच्या विशेष शाळेनं तिला टॅब दिला. त्यावरचं चित्र दाबलं की टॅब तो शब्द बोलायचा. पाच महिन्यांत ती पाणी मागू लागली, फ्रॉक स्वतः निवडू लागली. एका दुपारी तिनं दोन चित्रं लागोपाठ दाबली. "पोट. दुखतंय." तिची आई रुपाली हरखून गेली. लेकीनं पहिल्यांदाच शब्द जोडून काही सांगितलं होतं. नवऱ्याला ऐकवायला फोन लावून तिनं तेच पुन्हा दाबायला लावलं. दोघंही फोनवर हसली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, "मुतखड्यानं एक किडनी पूर्ण गेलीय, दुसरीही खराब होत आलीय. दुखणं कधीपासून आहे?" "कालच सांगितलं की तिनं." "हे कालचं नाही, ताई. वर्षानुवर्षांचं आहे." रुपालीनं टॅब लेकीपुढं धरला. "बाळा, कधीपासनं दुखतंय गं?" उत्कर्षानं बराच वेळ चित्रं धुंडाळली आणि एकावर बोट ठेवलं. "रोज," टॅब म्हणाला. पूर्वी ही पोर तासन्‌तास किंचाळायची. हट्टी आहे म्हणून रुपाली तिला खोलीत घालून बाहेरून कडी लावायची, गप्प होईपर्यंत. दोन वर्षांपूर्वी ते किंचाळणं आपोआप थांबलं, तेव्हा रुपालीनं शेजारणींना कौतुकानं सांगितलं होतं, "लई शहाणी झाली आता माझी लेक."