पहिली पत्रिका

रविवारच्या लग्नाच्या सगळ्या पत्रिका वाटून झाल्या. कुलदैवताची पहिली तेवढी घरात पडून होती, कारण मुकुलच्या घरी कुलदैवतच कुणाला ठाऊक नव्हतं. पणजोबा भावकीशी भांडून मुंबईला आले, आडनावसुद्धा बदलून बसले. महिनाभर शोधल्यावर आज देवगडकडच्या एका गावातून फोन आला.

"झिला, तू आमचोच रे! पण सकाळीच आपले भिवातात्या गेले. आता दहा दिवस सुतक तुमकाय."

लग्न पुढे ढकलायचं हे सांगायला मुकुलने मुलुंडला होणाऱ्या बायकोला, रेवतीला फोन लावला. ती आधीच रडत होती.



"मुकुल, गावी आमचे भिवातात्या गेले रे. भावकीतले ना, आम्हाला सुतक आहे. दहाच दिवस, थांबशील ना?"