एक्क्याण्णव टक्के हार

"खटला हरण्याची शक्यता एक्क्याण्णव टक्के," वाघेरी नगरपरिषदेच्या सभागृहात भिंतीवरच्या, खटल्यांचे निकाल आधीच वर्तवणाऱ्या विधियंत्राने सांगितलं. कामगारांना कोंडून ठेवणाऱ्या कारखान्याकडून सफाई कामगारांसाठी गमबूट घ्यायचे नाहीत, एवढाच ठराव होता.

मुख्याधिकारी तांबोळी नगराध्यक्षांकडे वळले. "मॅडम, कंपनी कोर्टात जाईल. यंत्राचा अंदाज कधी चुकलेला नाही. बारा वर्षांत राज्यातल्या एकाही नगरपरिषदेने त्याच्याविरुद्ध ठराव केलेला नाही."

"मग तो चुकणार कसा?" रेवती घोंगडे म्हणाल्या. "लढायच्या आधीच सगळे माघार घेतात आणि यंत्र ती माघारही हारच धरतं."

"हरलो तर तुमचं पद जाईल."

"जाऊ दे. कोर्टात मी उभी राहीन. मतदान घ्या."

पहिला हात सखूबाई डावरेंनी वर केला. नगरसेविका होण्याआधी त्यांनी वीस वर्षं गावातली गटारं उपसली होती. मग एकेक हात वर येत गेला आणि ठराव मंजूर झाला.

संध्याकाळी शेजारच्या गावच्या नगराध्यक्षांचा फोन आला.

"ताई, ठरावाची प्रत पाठवा," ते म्हणाले. "आम्ही उद्याच सभा बोलावतोय. कोर्टात तुम्ही एकट्या नसाल."